आतल्या यादीतलं निळं घर

तिकोणा पेठेत, किल्ल्याची पायवाट सुरू होते तिथून थोडं अलीकडे, डाव्या हाताला एक निळं घर आहे. तुम्ही दोघं मागे आलात तेव्हा त्याच्या ओट्यावर बसून आपण ताक प्यायलो होतो. आता त्या घराच्या मागे दोन नव्या खोल्या आहेत. खिडक्यांना जाळ्या, न्हाणीघरात पांढऱ्या फरशा, उशाशी फोन चार्ज करायला प्लग. गेल्या थंडीच्या सुरुवातीला या खोल्या बांधून तयार होत्या आणि त्यांत एकही पाहुणा राहिलेला नव्हता.

परवा थोरल्याने फोनवर विचारलं, आजी, तू हल्ली दिवसभर करतेस तरी काय. मी म्हटलं, वेबसाइट सांभाळते. धाकटी हसली. ते हसणं मला आवडलं, पण उत्तर अर्धवट राहिलं, म्हणून हे लिहिते आहे. थोरला तिकडे हेच काम करतो, त्याला सगळं चटकन कळेल. धाकटीसाठी मध्ये मध्ये सावकाश सांगेन. थोरल्याने तेवढं सोसावं.

निळ्या घरची बाई तुमच्या आईपेक्षा थोडी लहान. पूर्वी ती लोणावळ्यात एका बंगल्यावर स्वयंपाकाला होती. मालक मंडळी शनिवारी पाहुणे घेऊन यायची, ही सगळ्यांचं रांधायची आणि शेवटी मागच्या पायरीवर बसून जेवायची. ते काम सोडून तिने या खोल्या बांधल्या. बंगल्यावरून निरोप येत होते की तुझी जागा अजून रिकामी आहे. होळीपर्यंत पाहुणे आले नाहीत तर परत कामाला जायचं, असं नवरा-बायकोने ठरवलं होतं. हे तिने मला पुष्कळ नंतर सांगितलं, पण तुम्हाला आधीच सांगून ठेवते.

पवना धरणाच्या काठाने अशी बरीच घरं आहेत. धरणावर तंबू टाकणारे आणि किल्ले चढणारे लोक येतात, त्यांना घरात राहायला द्यायचं आणि चुलीवरचं जेवू घालायचं, यासाठी तिथल्या बायकांनी एक गट केला आहे. गटाच्या अध्यक्षबाईंचा भाचा हिंजवडीला नोकरीला होता. त्याने फुकटात साइट बनवून दिली आणि चांगली बनवली. मग त्याची बदली बंगळूरला झाली. साइट कोण बघणार असा प्रश्न आला तेव्हा अध्यक्षबाईंना कुणीतरी सांगितलं की कुसगावला एक आजी आहेत, त्यांचा जन्म कॉम्प्युटरवर गेला.

ते खरंच आहे. आम्ही घोरावाडी स्टेशनजवळ राहत होतो तेव्हापासून मी एका कारखान्याच्या संगणक विभागात होते. मशीन एका खोलीएवढं होतं आणि धूळ नको म्हणून आम्ही देवळात जावं तशा चपला बाहेर काढून आत जायचो. मी इंग्रजी शाळेतली, म्हणून जाडजूड मॅन्युअलं माझ्या टेबलावर येऊन पडायची. ती वाचता वाचता मी प्रोग्रॅम लिहायला लागले. निवृत्तीनंतर वेबचं शिकले ते सवय मोडू नये म्हणून.

गटाची बैठक पवनानगरला अंगणवाडीच्या खोलीत भरते. त्या दिवशी चहा झाल्यावर निळ्या घरची बाई सतरंजीवरून सरकत सरकत माझ्या शेजारी आली. सगळ्यांचे फोन वाजतात, माझा का वाजत नाही, असं तिने हळूच विचारलं. नंबर चुकीचा पडलाय का? मी तिथेच उघडून दाखवलं. नंबर बरोबर होता. फोटो सुरेख होता. इंद्रायणीचा भात, कोंबडीचा रस्सा, पिठलं-भाकरी, सगळं लिहिलेलं होतं.

मग तिने खरं काय ते सांगितलं.

“येक जण लय चांगलं बोलला, मावशी. गाडी कुटं लावू, पानी गरम मिळंल का, समदं इचारलं. दुसऱ्या दिवशी म्हनला, येत न्हाई, घरातली मोठी मानसं संगं हायेत. मी म्हनलं, मोठ्या मानसांना खाट देते की. तर म्हनला, तसं न्हाई, साइटवर लिवलंय ना तुमचं. काय लिवलंय? मला तर कुटंच दिसत न्हाई.”

मलाही दिसलं नाही. यायचं नसलं की लोक काहीही कारण काढतात, तसं असेल असं वाटलं. तरीही ‘लिहिलंय’ हा शब्द डोक्यातून जाईना. घरी येऊन मी साइट पुन्हा उघडली आणि पाहुणा असल्यासारखी वापरायला लागले. वर एक ‘शोधा’ची पट्टी आहे. तिथे ‘भाकरी’ टाकलं की भाकरी देणारी घरं येतात, ‘तंबू’ टाकलं की तंबूची जागा असलेली. मी मासे टाकून पाहिले, झोपाळा टाकून पाहिला. आणि मग, टाकू की नको असं करत, ‘नवबौद्ध’ हा शब्द टाकला.

पान आखडलं आणि मोजकी घरं उरली. सगळ्यात वर निळं घर होतं. मी दुसऱ्या जातींची नावं टाकून पाहिली. त्यांची घरंही ओळीने गोळा होऊन आली, धरणाच्या वरच्या अंगाच्या डोंगरवाडीवरची ठाकर घरंसुद्धा.

निळ्या घरच्या बाईच्या आजेसासऱ्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली. घरात त्याचा अभिमान आहे. बाहेरच्या खोलीत बुद्धाची मोठी तसबीर आहे आणि येणाऱ्याने ती बघितली तर तिला बरंच वाटतं. तिला काही लपवायचं नव्हतं. पण आपण होऊन सांगणं निराळं, आणि आपल्या माघारी कुणीतरी चाळून आपल्याला बाजूला काढणं निराळं.

आता धाकटीसाठी. वेबसाइटचं पान उघडलं की डोळ्यांना दिसतं ते थोडंच असतं. त्याच्या मागची सगळी माहिती पाहुण्याच्या फोनमध्ये उतरलेली असते. त्या माहितीत प्रत्येक गोष्टीला एक नाव असतं: ‘फोन’, ‘खोल्या’, ‘जेवण’. या नावाला आमच्या धंद्यात ‘की’ म्हणतात. त्या नावांत एक नाव ‘जात’ असं होतं. ते पानावर छापलं जात नव्हतं, पण ‘शोधा’ची पट्टी सगळ्याच नावांमधून शोधत होती. ते आलं कुठून, तर गटाच्या बायकांना मागे एका सरकारी योजनेतून प्रशिक्षण मिळालं, त्याच्या अर्जात तो रकाना होता. भाच्याने अर्जांवरची माहिती जशीच्या तशी साइटमध्ये ओतली. त्याच्या मनात काही वावगं नव्हतं.

पुढच्या बैठकीत मी हे मांडलं. कुणी पदर सारखा केला, कुणी मोबाइल बघितला. अध्यक्षबाईंचं म्हणणं पडलं की दिसत नाही तर राहू द्यावं, पुढच्या एखाद्या योजनेला परत लागेल. मी म्हटलं, लागेल तेव्हा अर्ज तुमच्या कपाटात आहेतच, ते पाहुण्यांच्या खिशात कशाला? त्यावर मागून एक जण म्हणाली, काढून तरी काय होणार, ज्यांना विचारायचंय ते फोनवर तोंडाने विचारतील.

निळ्या घरची बाई एरवी बैठकीत बोलत नाही. तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

“इचारू द्या की. तोंडानं इचारलं तर तोंडानं उत्तर देता येतं.”

अध्यक्षबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “काढा, बाई,” त्या म्हणाल्या. “पण सीझन चालू आहे. साइट बंद पडली तर या सगळ्या माझ्या अंगणात येऊन बसतील, आणि मी त्यांना घेऊन तुमच्या अंगणात येईन.”

मी घरी आले, टेबल पुसलं, चष्मा पुसला आणि कामाला बसले.

माहिती यादीत यादी अशी होती. गावांची यादी, प्रत्येक गावात आळ्यांची यादी, आळीत घरांची, घरात माणसांची. ‘जात’ घरापुढेही लिहिलेली आणि घरातल्या प्रत्येक बाईपुढेही, कारण अर्ज प्रत्येकीने वेगळा भरला होता. मी सरळ मार्ग धरला. गाव घ्यायचं, आळीत जायचं, घरात जायचं, माणसापर्यंत पोचायचं आणि वाटेत ते नाव दिसेल तिथे पुसायचं. मूळ साइटला हात न लावता तिची एक नक्कल केली, त्यावर प्रोग्रॅम चालवला. क्षणात झालं. मग मी ‘शोधा’मध्ये एकेक शब्द टाकत गेले. मराठा, काही नाही. माळी, काही नाही. ब्राह्मण, काही नाही. मनात म्हटलं, जमलं. ‘नवबौद्ध’ टाकलं, आणि निळं घर जसंच्या तसं समोर. ‘ठाकर’ टाकलं, तर डोंगरवाडीवरची घरंही तशीच.

म्हणजे ज्यांच्यासाठी हा सगळा उद्योग केला, नेमके तेच मागे राहिले होते. बाकीच्यांची जात गेली आणि यांचीच तेवढी उरली. आधीपेक्षा वाईट झालं. नक्कल केली होती म्हणून वाचले.

मी उठून चहा केला आणि ती यादी पहिल्यापासून वाचायला घेतली. कारण सापडलं तेव्हा कप तसाच हातात राहिला. भाच्याला घरं अध्यक्षबाईंनी तोंडी सांगितली होती, आणि गावात जशी सांगतात तशी सांगितली होती. पेठेतली अमुक आळी, तिच्यात अमुक घरं. आणि तिच्या खाली वस्ती. आणि वस्तीच्या पलीकडे वाडी. भाच्याने ऐकलं तसं लिहिलं. आळीच्या पोटात वस्तीची वेगळी यादी, वस्तीच्या पोटात वाडीची. माझा प्रोग्रॅम आळीतली घरं उघडून परत फिरत होता. वस्तीपर्यंत जातच नव्हता. यात भाच्याचं किंवा अध्यक्षबाईंचं काही ठरवून केलेलं नव्हतं. अशी घरं कुणी विचारली तर मावळात दहांतले नऊ लोक त्याच क्रमाने सांगतील.

आता काय करायचं? आणखी एक पायरी खाली उतरले तर वस्ती सापडली असती, पण वाडी राहिली असती. वाडीसाठी उतरले, आणि उद्या कुणी वाडीपलीकडचं एखादं घर जोडलं तर ते राहिलं असतं. किती खोल जायचं हे आधी ठरवून चालणारच नव्हतं. आणि इथे मला माझा कारखाना आठवला.

आम्ही ज्या गाड्या बनवायचो त्यांची यादी अशीच असायची. गाडीत इंजिन, इंजिनात पंप, पंपात झडप, झडपेत एक वॉशर. एकदा एका जातीचा वॉशर बंद झाला आणि तो सगळ्या गाड्यांच्या सगळ्या याद्यांमधून काढायचं काम माझ्याकडे आलं. वॉशर कुठे पहिल्याच पायरीवर होता, कुठे इतका आत की तिथवर कुणी बघत नसे. तेव्हाच्या मशीनवर त्या कामाने माझा घाम काढला होता. पण त्यातून शिकले ते हे की प्रोग्रॅमला पायऱ्या सांगू नयेत, नियम सांगावा. समोर यादी आली तर तिच्यातलं एकेक उचल. समोर नावं असलेली नोंद आली तर ते एक नाव काढून टाक, आणि उरलेल्या प्रत्येक गोष्टीवर पहिल्यापासून हाच नियम लाव. उघडायला काही उरलं नाही की थांब. थोरल्या, तुझ्या भाषेत हे स्वतःलाच हाक मारणारं फंक्शन. वॉशरसाठी पानंच्या पानं लिहावी लागली होती. आता ते माझ्या हातरुमालावर मावलं असतं.

सकाळचं ऊन टेबलावर आलं होतं. मी पुन्हा नक्कल केली, प्रोग्रॅम चालवला आणि या वेळी ‘नवबौद्ध’ आधी टाकलं. पान उघडलं: एकही घर सापडलं नाही. ठाकर: एकही घर सापडलं नाही. जेवढे शब्द सुचले तेवढे टाकले. मग ‘भाकरी’ टाकलं आणि सगळी घरं धावत आली, निळं घरही त्यांत. फोन नंबर जागेवर, फोटो जागेवर. कोरं पान बघून मला कधी आनंद झाल्याचं आठवत नाही, त्या सकाळी झाला. मी नक्कल मूळ जागी चढवली. साइट बंद पडली नाही. कुणाच्या अंगणात कुणी बसलं नाही.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप पिशवीत घालून मी निघाले. लोणावळ्याहून दुधिवरे खिंडीतून पवनानगर, तिथून वडापने, माणसं भरली की सुटणाऱ्या जीपने, पेठ. निळ्या घरी पोचले तेव्हा ती अंगणात तांदूळ पाखडत होती. ओट्यावर बसून मी तिला आधी पट्टीत शब्द टाकून दाखवले. तिने स्वतःही टाकून पाहिले, एका बोटाने, सावकाश. कोरं पान आलं की ती मान हलवायची. मग तिने मागची माहिती बघायला मागितली, जिथून ते काढलं ती जागा. मी उघडली. पडद्यावर ती यादी अशी दिसते की जे ज्याच्या पोटात आहे ते तेवढं उजवीकडे सरकलेलं. गाव डाव्या कडेला, आळी जरा आत, घरं अजून आत. ती बोटाने ओळी धरत खाली गेली. तिचं घर पार उजवीकडे सापडलं.

“हे एवढं आत का, मावशी?”

मी सांगितलं, आळीच्या आत वस्ती, वस्तीच्या आत तुमचं घर.

ती हसली. मला ते हसू नीट बघवेना. “म्हंजी तुमच्या कॉम्प्युटरातबी आमी येशीच्या बाहेरच,” ती म्हणाली. “आन् घर तर किल्ल्याच्या वाटंवर हाय. समद्यांत पुढं. हितनंच जातात समदी.”

ते बरोबर होतं. शब्द काढला होता, पण यादीचा आकार तेच सांगत होता. नीट बघणाऱ्या कुणालाही कोण आत आहे ते मोजता आलं असतं. काम झालं असं मी आदल्या दिवशी समजले होते, ते आत्ता कुठे अर्धं झालं होतं. मी तिथेच तिच्या ओट्यावर उरलेलं अर्धं सुरू केलं. प्रोग्रॅम तोच, नियमात एक भर: आतली प्रत्येक घराची नोंद उचलून बाहेर एकाच यादीत ठेवायची. आळी नाही, वस्ती नाही, वाडी नाही. गावाचं नाव आणि घर. ती मध्ये मध्ये येऊन बघून जायची. मला तिने गरम भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढलं आणि स्वतःचं ताट घेऊन माझ्यासमोर बसली.

मग प्रश्न आला क्रमाचा. एका ओळीत ठेवायचं तर कुणालातरी आधी ठेवावं लागतं. अध्यक्षबाईंचं घर आजवर पहिलं होतं. मी विचार केला, पाहुणा काय विचारतो? तो विचारतो, किल्ल्याला जवळ कोणतं. मग पाय जसे जातात तसा क्रम. जे घर वाटेला लागून ते आधी, त्याच्या अलीकडचं त्यानंतर. डोंगरवाडीची घरं धरणावरच्या रस्त्याने मोजली तर अध्यक्षबाईंच्याही वर आली.

नवी यादी मी ओट्यावरूनच साइटवर चढवली. संध्याकाळी कुसगावला पोचते न पोचते तोच अध्यक्षबाईंचा फोन. माझं घर गेलं कुठं, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, थोडं खाली बघा. मी क्रम कसा लावला ते सांगितलं. त्यांनी माझी उलटतपासणी केली, हे घर कुठे, ते घर कुठे, अमुकचं घर तमुकच्या आधी कसं. प्रत्येक उत्तर वाटेवर चालून बघता येण्यासारखं होतं. शेवटी त्या म्हणाल्या, “पायांच्या हिशोबानं ना? मग कोण काय बोलणार.” आणि मग, फोन ठेवता ठेवता, “निळ्या घरची भाकरी माझ्यापेक्षा चांगली आहे म्हणा, ते मला माहीत आहे.”

पहिले पाहुणे आठवडा संपायच्या आत आले. चिंचवडचं एक कुटुंब, आजी-आजोबांसकट. आजोबा ओट्यावर खाट टाकून दिवसभर किल्ल्याकडे बघत बसले आणि जाताना पुढच्या वेळचं सांगून गेले. मग त्यांच्या ओळखीचे. मग तिचा फोनही इतरांसारखा वाजू लागला. बैठकीत मागून बोललेल्या बाईचं भाकीतही एकदा खरं ठरलं. कुणीतरी फोनवर विचारलंच, तुम्ही कोणत्या समाजाच्या. मी तेव्हा योगायोगाने तिथेच होते. तिने कणकेचा हात पदराला पुसला आणि अगदी गोड आवाजात म्हणाली,

“मी रांधनारी, भाऊ. तुमी जेवनारे. किती जन येताय त्येवढं सांगा, म्हंजी तसं पीठ भिजवते.”

तो आला नाही. त्याच दिवशी दुसरे आले.

होळीच्या आधी बंगल्यावरचा माणूस शेवटचं विचारायला स्वतः पेठेत आला. मागच्या दोन्ही खोल्या भरलेल्या होत्या, अंगणात तंबू होता, आणि ती ओट्यावर फोनवर बोलत होती. तिने त्याला हाताने बसायची खूण केली आणि फोनवरच्या पाहुण्याला सांगितलं की आज माझ्याकडे जागा नाही, थांबा, विचारून सांगते. मग दुसरा नंबर लावला.

“अध्यक्षबाई, आठ जण हायेत, चांगली मानसं वाटतात. माझ्याकडं जागा न्हाई. तुमच्याकडं पाठवू का?”

पलीकडून ‘हो’ आलं असावं, कारण तिने मान डोलावली आणि फोन ठेवला. मग बंगल्यावरच्या माणसाला जेवून जायला सांगितलं. तो ओट्यावर, पाहुण्यांच्या पंगतीत बसून जेवला.